न पाहिलेल्या खडकाचे गणित

आक्षेपक : बोगद्याच्या नियोजनात संगणकीय सिम्युलेशन आले आणि कामाला शास्त्रीय बैठक मिळाली, असे हल्ली सर्रास बोलले जाते. माझा पहिला प्रश्न या शास्त्राच्या भांडवलाविषयी आहे. समजा, १२ मीटर व्यासाचा बोगदा काढायचा आहे. मुंबईच्या सागरी किनारा मार्गासाठी मलबार हिलखालून जे जुळे बोगदे काढले, ते खोदणाऱ्या यंत्राचा व्यास १२.१९ मीटर होता, तेव्हा हे उदाहरण हवेतले नाही. दर १०० मीटरला एक बोअर घेतले आणि त्यातून ५४ मिलिमीटर जाडीचा खडकाचा गाभा वर काढला, असे धरू. बोगद्याच्या उंचीइतक्या १२ मीटरांत हाती येणारा खडक भरतो सुमारे २७ लिटर, म्हणजे जेमतेम दीड बादली. त्याच १०० मीटरांत खोदायचा खडक मात्र ११ हजार घनमीटरांहून अधिक असतो. चार लाख भागांतला एक भाग डोळ्यांनी पाहायचा आणि बाकीच्याचे गुणधर्म संगणकात भरायचे, असा हा व्यवहार आहे. पडद्यावर लाल-पिवळे पट्टे उमटतात, छत किती मिलिमीटर खाली येईल हे दशांशासह छापून येते, आणि पाहणाऱ्याला वाटते की कोणीतरी आत जाऊन मोजून आले. प्रत्यक्षात दोन बोअरमधली रेषा भूवैज्ञानिकाने अंदाजाने जोडलेली असते. आपला सह्याद्रीचा काळा दगड वरून एकजिनसी दिसतो. आत लाव्हाच्या दोन थरांमध्ये तांबड्या मातीचा पट्टा असतो, कुठे ब्रेशिया, कुठे ज्वालामुखीच्या राखेचा टफ, कुठे थर चिरत वर आलेला उभा डाइक. दोन बोअरच्या मधोमध उभा असलेला डाइक दोन्ही बोअरना सापडत नाही. मग संगणकाला तो कोण सांगणार?

पुरस्कर्ता : तुमचा दीड बादलीचा हिशेब मला मान्य आहे, फक्त तो एकट्या संगणकाला लागू होत नाही, बोगदा खोदणाऱ्या प्रत्येकाला लागू होतो. संगणक नव्हते तेव्हाही बोगदे याच अज्ञानावर निघाले. १९७३ मध्ये बिनियाव्स्की यांनी खडकाला गुण देण्याची आरएमआर पद्धत मांडली, पुढच्याच वर्षी नॉर्वेत बार्टन, लियन आणि लुंडे यांनी क्यू पद्धत मांडली. खडकाच्या भेगा मोजायच्या, त्यांचा खडबडीतपणा आणि पाणी पाहायचे, एक आकडा काढायचा आणि त्यावरून रॉक बोल्ट किती अंतरावर, फवारलेले काँक्रीट म्हणजे शॉटक्रीट किती जाड हे ठरवायचे. क्यू पद्धतीचा पाया होता सुमारे २०० जुन्या कामांचा अनुभव. त्या अनुभवात सह्याद्री किती होता? तरीही जगभर ती वापरली गेली आणि बव्हंशी उपयोगी ठरली. म्हणजे अंदाज टळत नाही. तो कुठे ठेवायचा एवढेच आपल्या हाती असते. अनुभवी अभियंत्याच्या डोक्यातला अंदाज दिसत नाही, तपासता येत नाही आणि तो माणूस निवृत्त झाला की त्याच्याबरोबर निघून जातो. मॉडेलमधला अंदाज आकड्यात लिहावा लागतो. खडकाची ताकद अमुक धरली, भूजलाची पातळी तमुक धरली, हे कागदावर आले की दुसरा माणूस त्यावर बोट ठेवू शकतो. तुम्ही आत्ता जे बोट ठेवलेत, तेसुद्धा अंदाज लिहून ठेवलेला होता म्हणूनच.

शिवाय सिम्युलेशन या एकाच नावाखाली तुम्ही दोन वेगळी कामे एकत्र करता. एक खडकाचे : खोदल्यावर जमीन कशी वागेल. दुसरे कामाचे : माणसे, यंत्रे, गाड्या आणि वेळ यांची घडी कशी बसेल. दुसऱ्याचे एक साधे उदाहरण घ्या. टीबीएम, म्हणजे बोगदा खोदणारे यंत्र, एका वेळी दीड मीटर पुढे सरकते. खोदायला ४० मिनिटे आणि अस्तराच्या काँक्रीट सेगमेंटची रिंग बसवायला ४० मिनिटे धरली, तर दिवसाला १८ रिंगा, म्हणजे २७ मीटर होतात. मलबा एका गाडीने बाहेर जातो. गाडीचा वेग ताशी १० किलोमीटर, बाहेर मलबा उतरवून सेगमेंट चढवायला २० मिनिटे. तोंडापासून १ किलोमीटरवर गाडीची फेरी ३२ मिनिटांत होते, रिंग बसेपर्यंत ती परत हजर असते. ५ किलोमीटरवर तीच फेरी ८० मिनिटांची होते. यंत्र प्रत्येक रिंगेमागे ४० मिनिटे रिकामे उभे राहते आणि १८ रिंगांच्या १२ होतात. खडक तोच, यंत्र तेच, माणसे तीच. प्रगती एक तृतीयांशाने घटली. दुसरी गाडी आणि बगलेचा रूळ कोणत्या किलोमीटरला हवा, हे आधी कळण्यात लाखो रुपयांचे हित आहे.

आक्षेपक : हा हिशेब तुम्ही आत्ता तोंडी केलात. साइटवरचा जुना फोरमनही तो बोटांवर करेल. यात संगणक कुठे लागला?

पुरस्कर्ता : सरासरी घेऊन केला, म्हणून तोंडी जमला. प्रत्यक्षात खोदायला कधी ३० मिनिटे लागतात, कधी ७०. कटर झिजतात, पट्टा अडतो, क्रेन दुसऱ्या कामात असते. यातली गोम अशी की उशीर साठत जातो, वाचलेला वेळ साठत नाही. खोदकाम दहा मिनिटे आधी संपले तरी गाडी यायची असते, ती दहा मिनिटे वाया जातात; दहा मिनिटे उशीर झाला तर तो पुढच्या प्रत्येक कामाला लागतो. त्यामुळे सरासऱ्यांची बेरीज नेहमी आशावादी निघते. एकाच शाफ्टमधून दोन बोगद्यांचा मलबा वर येत असेल तर बोटांवरचा हिशेब तिथेच थांबतो. संगणक तेच काम शेकडो वेळा, दर वेळी वेगळ्या वेळा घेऊन करून पाहतो आणि एका तारखेऐवजी तारखांचा पट्टा देतो. एमआयटीत हर्बर्ट आइन्स्टाइन यांच्या गटाने विकसित केलेल्या आणि लोझानच्या तंत्रविद्यापीठाने पुढे नेलेल्या पद्धतीत तर खडकही दर वेळी बदलून पाहतात : वाईट पट्टा लांब निघाला तर काय, आखूड निघाला तर काय. आल्प्समधल्या स्विस रेल्वे बोगद्यांसाठी ती वापरली गेली. तिचे उत्तर एका आकड्यात येत नाही. वेळ आणि खर्च यांच्या आलेखावर ठिपक्यांचा ढग येतो, आणि त्या ढगाची रुंदी हेच खरे उत्तर असते.

आक्षेपक : ढग अभियंत्याच्या टेबलावर राहतो, फलकावर एकच तारीख लागते. ती बहुधा ढगाच्या डाव्या कडेची असते. आणि तारीख हुकते ती तुमच्या ढगात नसलेल्या कारणांनी. कुलाबा–वांद्रे–सीप्झ ही ३३.५ किलोमीटरची मुंबईची मेट्रो घ्या. दाट वस्तीखालचे तिचे खोदकाम २०२२ च्या अखेरीस संपले. पूर्ण मार्ग सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. मधल्या वर्षांत आरेतल्या कारशेडचा वाद, सरकारांचे बदलते निर्णय आणि साथीचा काळ होता. कोणत्या सिम्युलेशनमध्ये झाडांसाठी उभ्या राहिलेल्या नागरिकांचा रकाना असतो? मात्र ही बाजू मी फार ताणत नाही. गाड्या आणि रिंगांचे गणित चुकले तर पैसे जातात. खडकाचे गणित चुकले तर माणसे जातात. म्हणून तिकडे वळू.

शहराखालच्या बोगद्यात पहिला प्रश्न असतो : वरची जमीन किती खचेल? साडेसहा मीटर व्यासाचा बोगदा २० मीटर खोलीवर आहे. खोदताना बोगद्याच्या आकारमानापेक्षा एक टक्का जास्त माती सुटून येते असे धरा. खचलेल्या जमिनीचा खळगा घंटेच्या आकाराचा असतो, हे पेक यांनी १९६९ मध्ये दाखवले. तेवढ्यावर मध्यभागी सुमारे १३ मिलिमीटर खच येतो; कागद-पेन्सिलीने पाच मिनिटांचे काम. आता पहा, संगणकाच्या मोठ्या त्रिमितीय मॉडेलमध्येही तो एक टक्का पुष्कळदा बाहेरूनच भरलेला असतो. जे शोधायचे तेच गृहीत धरायचे आणि मग ते सापडले म्हणून आनंद मानायचा. यंत्र नीट चालवले तर तो टक्का अर्धा होतो, पुढच्या मातीवरचा दाब सुटला तर तीन होतो. १३ मिलिमीटरचे ३९ होतात. हा फरक ठरतो टीबीएम चालवणाऱ्याच्या केबिनमध्ये.

पुरस्कर्ता : मोकळ्या मैदानाखाली तुमची पेन्सिल पुरेल. दादाभाई नवरोजी मार्गासारख्या रस्त्याखालून जाताना वर शतकभर जुन्या दगडी इमारती असतात, शेजारी दुसरा बोगदा असतो, मधे स्थानकाचा खड्डा असतो. इमारत स्वतःच्या ताठपणाने खळग्याचा आकार बदलते. पहिल्या बोगद्याने सैल केलेल्या जमिनीत दुसरा बोगदा वेगळा वागतो. हे पेकच्या वक्रात नाही, आणि पेक यांनी तसा दावाही केला नव्हता. एक टक्का बाहेरून भरतो, हे खरे. पण मग तो अर्धा, एक, दोन, तीन असा भरून पाहता येतो, आणि कोणती इमारत दोन टक्क्यांपर्यंत तग धरते, कोणती एकालाच तडकते, हे खोदण्याआधी कळते. केबिनमधल्या माणसाला सांगण्यासारखी गोष्ट तेव्हाच तयार होते : या १०० मीटरांत दाब एवढ्याखाली जाऊ द्यायचा नाही.

आक्षेपक : आणि मॉडेलच चुकले असेल तर? सिंगापूरमध्ये २० एप्रिल २००४ रोजी निकोल महामार्गालगत मेट्रोसाठी चाललेला सुमारे ३० मीटर खोल खड्डा कोसळला. महामार्ग खचला, चार माणसे मेली. काम बोगद्याच्या उघड्या खोदाईचे होते, तरी धडा आपल्या प्रश्नाचाच आहे. तिथली माती मऊ सागरी चिकणमाती. अशा मातीतून पाणी लवकर निघत नाही. त्या अवस्थेतली तिची ताकद संगणकाला सांगण्याच्या एकाहून अधिक रीती आहेत. जी रीत निवडली तिने ताकद वास्तवापेक्षा जास्त धरली. साहजिकच भिंत किती वाकेल आणि लोखंडी टेक्यांवर किती भार येईल, याचे आकडे कमी आले. टेक्यांच्या सांध्यांची रचनाही चुकली होती. सॉफ्टवेअर नामांकित, आकडेमोड बिनचूक, उत्तर प्राणघातक. कागद-पेन्सिलीच्या काळात अभियंत्याला आपले अज्ञान टोचत असे, म्हणून तो हात राखून काम करी. रंगीत चित्राने ते टोचणे काढून घेतले.

पुरस्कर्ता : निकोल महामार्गाची गोष्ट तुम्ही अर्ध्यावर सोडलीत. मॉडेल चुकले होते, हे कोसळण्याआधीच दिसू लागले होते. भिंतीत बसवलेली उपकरणे हिशेबापेक्षा जास्त वाक दाखवत होती. ठरवलेल्या मर्यादा ओलांडल्या गेल्या तेव्हा काम थांबवून गृहीतके तपासायला हवी होती. झाले उलटे : प्रत्यक्ष मोजमापांशी जुळेपर्यंत मॉडेलमधले आकडे बदलले आणि त्या जुळवणीच्या आधारे मर्यादाच वर सरकवल्या. चौकशी समितीने या जुळवाजुळवीवरही ठपका ठेवला. म्हणजे पहिली चूक गणिताची होती, पण जीव घेणारी चूक नंतरची होती. त्याच्या दहा वर्षे आधी, ऑक्टोबर १९९४ मध्ये, लंडनच्या हीथ्रो विमानतळाखाली रेल्वेचे बोगदे कोसळले. तिथे निकृष्ट काम झाले होते, दुरुस्ती धड झाली नव्हती, आणि जमीन हलते आहे हे सांगणारी मोजमापे वेळेत कोणी वाचली नाहीत. दोन्हीकडे इशारा आला होता. मॉडेल नसते तर आलेल्या मोजमापाला इशारा म्हणायला तरी आधार काय होता? ३० मिलिमीटर वाक हा आकडा स्वतःहून काही बोलत नाही. अपेक्षा १५ ची होती, हे माहीत असेल तरच तो बोलतो.

आक्षेपक : हे मान्य. अपेक्षा लिहून ठेवल्याशिवाय अपेक्षाभंग कळत नाही. पण अपेक्षा कशावरून बांधली, हा माझा मूळ प्रश्न शिल्लक राहतो. तुम्ही आल्प्सचे नाव घेतलेत, तर गोथार्डचाच अनुभव पाहू. ५७ किलोमीटरच्या त्या बोगद्यात सगळ्यांनी धास्ती घेतली होती ती पिओरा पट्ट्याची. तिथे साखरेसारखा भुसभुशीत, पाण्याने भरलेला डोलोमाइट असल्याची शंका होती. १९९६ मध्ये तपासणीच्या बोगद्यातून मारलेले एक छिद्र त्यात घुसले तेव्हा पाणी आणि वाळू दाबाने आत आली. पुढे आणखी छिद्रे घेतल्यावर कळले की बोगद्याच्या पातळीवर मात्र तोच डोलोमाइट कोरडा आणि घट्ट आहे. २००८ मध्ये टीबीएम तिथून विनासायास गेली. याउलट फायदोच्या स्थानकाच्या जागी एवढी भीती नव्हती. तिथे फुटका खडक आणि खडकांचे स्फोट असे काही निघाले की आराखडा बदलून स्थानकाचे काही भाग दक्षिणेकडे सरकवावे लागले. पिओराचा निकाल ड्रिलने दिला. फायदोचा निकाल खोदकामाने दिला. दोन्ही ठिकाणी संगणक नंतर आला.

आपल्याकडे याचा व्यावहारिक अर्थ वेगळाच निघतो. एक खोल बोअर घ्यायला पैसे, वेळ आणि परवानगी लागते. मॉडेल वातानुकूलित खोलीत होते. त्यामुळे तपासणीच्या पैशांत काटछाट करायची आणि राहिलेली पोकळी मॉडेलने भरायची, हा मोह प्रत्येक प्रकल्पात असतो. ठाणे–बोरिवली बोगदा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाखालून जातो. जंगलात जागोजाग बोअर घेता येत नाहीत, हे समजण्यासारखे आहे. पण न घेतलेल्या बोअरची जागा अहवालात पांढरी राहायला हवी. मॉडेलमध्ये पांढरा रंग नसतो. प्रत्येक चौकोनात काहीतरी आकडा भरावाच लागतो. कोलकात्यात ३१ ऑगस्ट २०१९ रोजी बहूबाजारखाली टीबीएम भूजलाच्या साठ्याला लागली, पाण्याबरोबर वाळू आत आली आणि वरची घरे बघता बघता खचली. शेकडो लोकांना नेसत्या कपड्यांनिशी बाहेर पडावे लागले. बोअरमध्ये न दिसलेला असा साठा कोणत्याही मॉडेलमध्ये आपोआप उगवत नाही.

पुरस्कर्ता : पांढऱ्या चौकोनाचा मुद्दा मी घेतो, त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. अर्धे उत्तर असे. मॉडेलचा सर्वांत चांगला उपयोग बोअरऐवजी करायचा नसतो, बोअर कुठे घ्यायचे हे ठरवण्यासाठी करायचा असतो. तांबड्या मातीचा पट्टा छताच्या दोन मीटर वर असेल तर काही बिघडत नाही आणि अर्धा मीटर वर असेल तर छत बसते, असे मॉडेल सांगत असेल, तर पुढचे बोअर त्या दीड मीटरच्या शंकेसाठी घ्यायचे. खोदताना तोंडातून पुढे २०–३० मीटर आडवे छिद्र मारून पाहायचे ते कोणत्या टप्प्यात, हेही त्यावरून ठरते. कोकण रेल्वेच्या काळात पेडण्याच्या बोगद्याने काय छळले ते आठवा. कठीण खडकातले लांब बोगदे निघाले; गोव्याच्या हद्दीतला हा दीड किलोमीटरचा बोगदा ओल्या, मऊ मातीत पुन्हा पुन्हा ढासळत राहिला आणि १९९८ च्या जानेवारीत पूर्ण मार्ग सुरू होईपर्यंत त्याने सगळ्यांना टांगणीला लावले. ऑगस्ट २०२० मध्ये, बांधून दोन दशके उलटल्यावर, पावसात त्याची भिंत पुन्हा ढासळली. तिथे माती मऊ आहे हे कोणापासून लपलेले नव्हते. प्रश्न होता तो पाणी वाढले की ती माती किती वेळ उभी राहते, आणि तेवढ्या वेळात अस्तर बसते का. माती माहीत असून तिचे वेळापत्रक माहीत नसते, तेव्हा सिम्युलेशन खरे कामाला येते. ज्या अज्ञानाला नाव आहे त्याच्याशी ते झुंजू शकते. ज्याला नावच नाही त्याच्यापुढे ते हतबल आहे.

पेक यांचे नाव तुम्ही पेन्सिलीसाठी घेतलेत. त्याच वर्षीच्या त्यांच्या रँकिन व्याख्यानासाठी मी घेतो. निरीक्षण पद्धतीची शिस्त त्यांनी त्यात मांडली. सर्वांत संभाव्य परिस्थिती धरून आराखडा करा, पण सर्वांत वाईट परिस्थिती कोणती तेही आधी लिहा. काय मोजायचे ते ठरवा, दोन्ही परिस्थितींत त्या मोजमापाचे आकडे काय येतील ते काढून ठेवा, आणि वाईट आकडा आला तर करायची कृती आधीच तयार ठेवा. या शिस्तीतली जड पायरी म्हणजे दोन्ही परिस्थितींचे आकडे आधी काढणे. पूर्वी ते फार थोड्या ठिकाणी जमे. आता शंभर ठिकाणी जमते. संगणकाने पेक यांची जागा घेतलेली नाही. त्यांचे म्हणणे अंमलात आणण्याजोगे केले आहे.

आक्षेपक : मग त्याच व्याख्यानातली अटही सांगा. काम चालू असताना आराखडा बदलता येत नसेल, तर ही पद्धत वापरू नये, असे पेक यांनी बजावले होते. आता आपले कंत्राट उघडा. एकरकमी बोली, ठरलेली तारीख, उशिराला दंड, आणि जमिनीखाली जे निघेल त्याची जोखीम बहुतांशी कंत्राटदाराच्या माथी. अशा कंत्राटात वाईट आकडा आला तर काम थांबवणारा माणूस आपल्या कंपनीचे नुकसान करत असतो. जास्तीचे बोल्ट मारायचे ठरले तर पैसे कोणी द्यायचे, यावर पत्रव्यवहार सुरू होतो, आणि छत पत्राच्या उत्तरासाठी थांबत नाही. अशा वेळी मॉडेल काय काम करते, ते निकोल महामार्गाने दाखवले : थांबू नये यासाठीचा पुरावा तयार करून देते. पेन्सिलीच्या अभियंत्याला मर्यादा वाढवायची असती तर स्वतःच्या सहीने वाढवावी लागली असती. आता ती ‘सुधारित विश्लेषणानुसार’ वाढते. आणि कोसळल्यावर तेच मॉडेल कोर्टात येते : आमच्या हिशेबात हे दिसत नव्हते, म्हणून हे अनपेक्षित. ज्याच्या खर्चाने मॉडेल चालते त्याच्या सोयीचे ते बोलणार, यात नवल नाही.

पुरस्कर्ता : कंत्राटाच्या जगात याची जाणीव झालेली आहे. भूमिगत कामांसाठी २०१९ मध्ये निघालेल्या, फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या एमराल्ड बुक या नमुना कंत्राटात जमिनीची आधाररेषा आधीच लिहून ठेवायची असते. खडक त्या रेषेपेक्षा वाईट निघाला तर वाढीव वेळ आणि खर्च मालकाचा. रेषेच्या आत निघाला तर कंत्राटदाराचा. मग थांबणे हा तोट्याचाच सौदा राहत नाही. मॉडेलमधली गृहीतके आणि आधाररेषा एकाच कागदावर आली, तर नंतर कोणालाही ‘अनपेक्षित’ म्हणून सुटता येणार नाही. राहिली जुळवाजुळव. इथे मी तुमच्याहून अडचणीत आहे, हे कबूल करतो. मोजमाप पाहून मॉडेल सुधारणे हाच तर पद्धतीचा प्राण आहे. ते न सुधारणारा अभियंता हट्टी म्हणायचा. आणि निकोल महामार्गावर जे केले तेही बाहेरून अगदी तसेच दिसत होते. शिकणे आणि सबब शोधणे यांची आकडेमोड एकच असते. फरक करायचा तर एकच कसोटी मला सुचते : सुधारलेल्या मॉडेलने पुढच्या टप्प्याचे मोजमाप आधी सांगावे, तो आकडा मॉडेल करणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणाकडे नोंदवावा, आणि तो चुकला तर मर्यादा वाढवण्याचा अधिकार जावा. मागच्या आकड्यांशी कोणतेही मॉडेल जुळवता येते. पुढच्या आकड्याशी जुळवता येत नाही.

आक्षेपक : कसोटी चांगली आहे. तिला दोन भोके आहेत, आणि ती बुजवता येतील असे मला वाटत नाही. पहिले : काही जमीन इशारा देते, काही देत नाही. चिकणमाती आठवडाभर वाकून दाखवते, तेव्हा पुढचा टप्पा आणि पुढचे मोजमाप यांना अर्थ असतो. पाण्याखालची वाळू किंवा भेगांनी सुटी झालेली दगडाची पाचर काही मिनिटांत येते. तिथे तुमचा पुढचा आकडा नोंदवायला वेळच नसतो. तिथे जाड अस्तर, आगाऊ ग्राउटिंग आणि माणसांना बाहेर पडायची वाट एवढेच कामाचे. नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तराखंडात सिल्क्यारा बोगद्याचा भाग ढासळून ४१ मजूर १७ दिवस अडकले. त्यांची शेवटची वाट हातांनी खोदणाऱ्यांनी मोकळी केली. अशा जमिनीत किती भाकीत करावे आणि किती पैसा सरळ सुरक्षिततेत घालावा, हे मॉडेल सांगत नाही, कारण मॉडेलला स्वतःच्या मर्यादेची किंमत लावता येत नाही. दुसरे भोक माणसाचे. तुमच्या कसोटीत ‘दुसरा कोणीतरी’ आहे. तो कोणाचा पगारी? त्याने थांबा म्हटल्यावर मंत्र्यांनी जाहीर केलेल्या तारखेचे काय?

पुरस्कर्ता : त्याला तांत्रिक उत्तर नाही, आणि असल्याचा आव मी आणत नाही. पण आपण सुरुवात केली तेव्हा वाद संगणकाला खडक दिसतो की नाही यावर होता. तो दिसत नाही, यावर आपले एकमत आहे. मी एवढेच धरून आहे की जे दिसत नाही त्याविषयी आधी लिहून ठेवणे हे न लिहिण्यापेक्षा बरे, आणि आज तसे लिहिण्याचे सिम्युलेशनइतके समर्थ साधन दुसरे नाही.

आक्षेपक : आणि मी एवढेच धरून आहे की लिहिलेला कागद ज्याच्या हाती आहे त्याला तो पुन्हा लिहिता येत असेल, तर साधन जितके समर्थ तितका धोका मोठा. यात आपले जुळणार नाही. लोकांनी काय मागावे, यावर मात्र जुळते. मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनचा वांद्रे-कुर्ला संकुल ते शिळफाटा हा २१ किलोमीटरचा बोगदा ७ किलोमीटर ठाणे खाडीखालून जातो. ठाणे–बोरिवली आहे, त्यानंतर आणखी येतील. प्रत्येकाचे सादरीकरण होईल, चित्रे सुंदर असतील. ती पाहून झाली की दोन गोष्टी विचाराव्यात. कोणते मोजमाप कोणत्या आकड्याला पोहोचले म्हणजे काम थांबेल, हे खोदण्याआधी जाहीर केले आहे का? आणि तो आकडा बदलण्याची सही कंत्राटदार, त्याचा सल्लागार आणि उद्घाटनाची तारीख ठरवणारा अधिकारी या तिघांपलीकडच्या माणसाकडे आहे का? पहिल्याचे उत्तर संगणक देऊ शकतो. दुसऱ्याचे उत्तर निविदेच्या कागदपत्रांत शोधावे लागते, आणि तिथे ते नसेल तर पहिल्या उत्तराला काही किंमत नाही.